घारापुरीची केबल आणि तळाची मासळी

२२ फेब्रुवारी २०१८ रोजी घारापुरी बेटावर महावितरणची वीज पोचली. राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन गावांनी तोवरची सगळी वर्षं अंधारात आणि जनरेटरवर काढली होती. संध्याकाळी तीन-साडेतीन तास दिवे, मग पुन्हा काळोख. गेटवेपासून बोटीने दहा-अकरा किलोमीटरवर असलेलं हे बेट १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण तिथल्या घरांपर्यंत वीज यायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली. ती आली मुंबई बंदराच्या तळातून. साडेसात किलोमीटरची, २२ केव्हीची (२२ हजार व्होल्टची) केबल, खर्च सुमारे २५ कोटी रुपये.

समुद्रात काही नवं आलं की कोळीवाड्यात पहिला प्रश्न मासळीचा निघतो, आणि तो निघायलाच हवा. भराव, जेट्टी, पूल, गाळउपसा असं एकेक येत गेलं आणि मासेमारीची जागा आक्रसत गेली, हा उरण-पनवेलच्या किनाऱ्याचा जुना अनुभव आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने याच परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो बंदराच्या विस्तारात त्यांची खाडी आणि खाजण गेलं म्हणून. अशा ठिकाणी केबलबद्दल ‘काही होत नाही’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. किती होतं, किती अंतरावर होतं, कोणत्या जीवाला होतं, हे सांगावं लागतं.

माझं मत आधीच मांडतो. घारापुरीच्या केबलमुळे मासळी हटत असेल असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते पुढे आकड्यांनिशी दिलं आहे. पण याच पाण्यात तिच्या शेकडो पट वीज वाहणारी केबल उद्या टाकली गेली तर हे उत्तर तसंच्या तसं उचलून चालणार नाही. म्हणून या छोट्या केबलवर आज मोजमाप करून ठेवणं फार मोलाचं आहे.

केबलमधून बाहेर काय येतं

समुद्रातल्या वीजकेबलच्या गाभ्यात तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक असतो. त्यावर जाड इन्सुलेशन, त्यावर जमिनीशी जोडलेलं धातूचं आवरण आणि सगळ्यात बाहेर पोलादी तारांचं चिलखत. कुणीही तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सरळ विचारेल की करंट एवढ्या वेष्टनांच्या आत असताना माशाला कळणार कसा? प्रश्न बरोबर आहे, आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. विद्युतक्षेत्र धातूच्या आवरणात अडतं, बाहेर येत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र अडत नाही. ते चिलखतातून, चिखलातून, पाण्यातून पार होतं. केबल गाळात पुरली म्हणजे चुंबकत्व गाडलं गेलं, असा समज बऱ्याच जणांचा असतो. पुरल्याने फक्त अंतर वाढतं. मात्र ते अंतर खूप कामाचं असतं, कारण क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं.

आता या चुंबकीय क्षेत्रातून खारं पाणी वाहिलं किंवा मासा पोहत गेला की तिथे नव्याने विद्युतक्षेत्र तयार होतं. वीज अदलाबदलीची असेल, म्हणजे आपल्या घरी येते तशी सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी, तर पाणी आणि मासा स्थिर असले तरीही ते तयार होतं. अगदी क्षीण, पण ते जाणवणारे जीव समुद्रात आहेत.

भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पाकट मिळालं तर ते उताणं करून पाहा. पोट पांढरं, मधोमध तोंड, मागे कल्ल्यांच्या पाच-पाच फटींच्या दोन रांगा. तोंडाच्या आसपास आणि नाकाडाकडे नीट बघितलं तर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात, काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ. त्यावर अंगठ्याने हलका दाब दिला की पारदर्शक, चिकट थेंब वर येतो. प्रत्येक छिद्रामागे अशा चिकट द्रवाने भरलेली नळी असते आणि नळीच्या टोकाला एक इवलीशी कुपी. इटलीच्या स्टेफानो लोरेन्झिनीने १६७८ मध्ये यांचं वर्णन केलं म्हणून त्या लोरेन्झिनीच्या कुपी. त्या वीज ओळखतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ॲड्रियानस काल्माइन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की वाळूत पुरलेला चपटा मासा न दिसता, वासही न येता मुशी आणि पाकटं नेमका शोधतात, आणि माशाच्या जागी तेवढीच क्षीण वीज सोडणारे इलेक्ट्रोड पुरले तर त्यांच्यावरही झडप घालतात.

या जीवांची संवेदना सेंटिमीटरला पाच नॅनोव्होल्टपर्यंत मोजली गेली आहे. पेन्सिल सेलची दोन टोकं समुद्रात तीन हजार किलोमीटर अंतरावर बुडवली, तर मधल्या पाण्यात जेवढा फरक पडेल तेवढी ही मात्रा. मुंबई बंदरात ती विशेष महत्त्वाची ठरते. इथलं पाणी गढूळ, भरती-ओहोटीने तळ सतत ढवळलेला, डोळ्यांचा उपयोग मर्यादित. चिखलात दडलेली कोळंबी किंवा निवटी हुडकायला पाकटाला या कुपीच लागतात. मुंबईच्या जाळ्यात नेहमी येणारी छोटी मुशी याच घराण्यातली, आणि शिंगाळ्याच्या कुळालाही वीज ओळखायची वेगळ्या घडणीची इंद्रियं असतात. म्हणजे मच्छीमारांची शंका हवेतली नाही. शंका घ्यावी असे जीव इथे रोजच्या धंद्यातले आहेत.

घारापुरीचं गणित

केबलची चर्चा निघाली की लोक व्होल्टेज विचारतात. २२ हजार व्होल्ट ऐकलं की धडकी भरते. पण चुंबकीय क्षेत्र ठरतं करंटवर, म्हणून विचारायचं ते किती अँपिअर.

बेटावर तीन छोटी गावं आहेत, पर्यटकांसाठीची दुकानं, उपाहारगृहं आणि लेण्यांकडे जाणारी वाट. मोठा कारखाना नाही. भार उदारपणे एक मेगावॅट धरू. २२ केव्हीच्या तीन फेजमध्ये एक मेगावॅट म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे २६ अँपिअर. एकट्या सुट्या तारेतून २६ अँपिअर वाहिले तर एक मीटरवर सुमारे पाच मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र येईल. तीन फेज एकाच केबलमध्ये शेजारी-शेजारी असले, की तिघांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. वाहकांमध्ये चार सेंटिमीटर अंतर धरलं तर एक मीटरवर उरतं जेमतेम पाव मायक्रोटेस्ला. वाहकांना दोरीसारखा पीळ दिलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तीन मीटरवर गेलं की पाव मायक्रोटेस्लाचाही नववा भाग.

मुंबईत पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४२ मायक्रोटेस्ला आहे. त्याच्यापुढे पाव म्हणजे दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. आणि भरतीचं पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने या ४२ मायक्रोटेस्लातून वाहतं तेव्हा सेंटिमीटरला चारशे नॅनोव्होल्टच्या घरात विद्युतक्षेत्र तयार होतं, म्हणजे पाकटाच्या संवेदनेच्या ऐंशी पट. ते रोज चार वेळा, केबल असो वा नसो. या बंदरातला कोणताही वीज-जाणता जीव अशा पार्श्वभूमीतच जन्मतो आणि वाढतो.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. केबलचं क्षेत्र पार्श्वभूमीपेक्षा लहान असलं तरी ते वेगळ्या चालीचं आहे. भरती-ओहोटी तासातासाने बदलते, केबलचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा. वरच्याच हिशेबात केबलच्या मीटरभर परिघात या हेलकाव्यांमुळे तयार होणारं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला काहीशे नॅनोव्होल्टपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे नुसत्या संख्येने पाहिलं तर उंबरठ्याच्या वर. दिलासा असा की लोरेन्झिनीच्या कुपींना सर्वांत स्पष्ट ‘ऐकू’ येतं ते सेकंदाला दहाहून कमी हेलकाव्यांचं. भक्ष्याच्या श्वासाची, कल्ल्यांच्या हालचालीची चाल तीच असते. ५० हेलकाव्यांना त्यांचा प्रतिसाद बराच मंदावतो. मंदावतो, शून्य होत नाही.

ब्रिटनमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्रातच मोठे जाळीचे पिंजरे उभारून त्यांखाली ५० हेलकाव्यांची केबल पुरली आणि छोटी मुशी नि पाकटाच्या जातीचे मासे आत सोडले. केबल चालू असताना काही मुशी तिच्या जवळच्या पट्ट्यात जास्त सापडल्या आणि कमी हिंडल्या. काही पाकटांची शोधाशोध वाढली. सगळ्यांनी सारखं केलं नाही, आणि कुणी जीव घेऊन पळालंही नाही. माझ्या मते घारापुरीसाठी हाच सर्वांत जवळचा दाखला आहे. तळाशी, केबलच्या मीटर-दोन मीटरमध्ये, एखादं पाकट घुटमळेल. शंभर मीटरवरच्या डोळ जाळ्यात येणारे बोंबील आणि जवळा यांच्यावर त्याचा परिणाम व्हावा असं कारण दिसत नाही. मासळी घटली असेल तर कारण प्रदूषण, गाळउपसा, ट्रॉलिंग यांत शोधावं. केबलकडे बोट दाखवलं की खरी कारणं सुटून जातात.

इतरत्र काय आढळलं

अमेरिकेत लाँग आयलंड साउंडच्या तळाशी ३३० मेगावॅटची एकदिश (न हेलकावणाऱ्या) विजेची केबल आहे. तिच्यावर पिंजरे ठेवून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्केट नावाची पाकटासारखी मासळी केबलवरच्या पिंजऱ्यात जास्त अंतर पोहली, पण सावकाश, तळाला धरून आणि वारंवार वळणं घेत. अन्न हुडकताना ती जशी वागते तसंच. लॉबस्टरमध्ये, म्हणजे आपल्या शेवंडीच्या नात्यातल्या जीवात, फरक दिसला पण बारीक. केबल दोघांनाही ओलांडता आली. मला यातली काळजीची गोष्ट वेगळी वाटते. भक्ष्य नसताना भक्ष्य शोधत राहणं म्हणजे फुकट खर्ची पडलेली ताकद. एका केबलवर ती किरकोळ असेल, दहा केबलींच्या पट्ट्यात तसं म्हणता येणार नाही.

स्वीडनच्या किनाऱ्यावर वामांना खुणेची यंत्रं लावून १३० केव्हीच्या केबलवरून जाताना पाहिलं, तर त्यांचा वेग केबलपाशी कमी झाला, मग त्या पुढे गेल्या. कॅलिफोर्नियात तेलविहिरींना वीज नेणाऱ्या ३५ केव्हीच्या चालू आणि बंद केबलींची पाणबुडीतून तुलना झाली. दोन्हीकडे तीच मासळी आणि तेच खेकडे. घारापुरीच्या जातकुळीची केबल म्हणाल तर ही.

खेकड्यांवरचं स्कॉटलंडमधलं प्रयोगशाळेतलं काम मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. तिथल्या मोठ्या खाद्य खेकड्यावर २५० मायक्रोटेस्लाला फारसा परिणाम झाला नाही, पण ५०० आणि १,००० ला खेकडे चुंबकीय क्षेत्र असलेल्या बिळाकडे ओढले गेले आणि हिंडणं कमी झालं. घारापुरीच्या पाव मायक्रोटेस्लाशी याची तुलना होत नाही, म्हणून चिंबोरीची चिंता इथे करू नये. ५०० चा आकडा उघड्या पडलेल्या मोठ्या केबलला अगदी खेटूनच गाठला जातो. आणि केबल उघडी पडणं मुंबईसारख्या जोरदार ओढीच्या पाण्यात अशक्य नाही.

टाकतानाचं नुकसान

केबल चालू असताना जे होतं त्यापेक्षा ती टाकताना जास्त होतं, हे जवळपास सगळीकडे खरं ठरलंय. चर खणला की त्या पट्ट्यातले शिंपले, किडे, खेकडे उलथले जातात, गाळ उठतो. साडेसात किलोमीटर लांब, मीटरभर रुंद आणि दीड मीटर खोल चर धरला तर अकरा हजार घनमीटरच्या आसपास चिखल हलतो. याच बंदरात मोठ्या जहाजांच्या मार्गासाठी आजवर कोट्यवधी घनमीटर उपसा झालाय. उधाणाच्या दिवशी चार-साडेचार मीटर चढ-उतार होणाऱ्या या पाण्यात केबलचा गाळ लवकरच मिसळून जातो. ऑस्ट्रेलियातल्या २९० किलोमीटरच्या बासलिंक केबलचा मऊ तळावरचा चर दोनेक वर्षांत ओळखू येईनासा झाला होता.

केबलची उष्णता हा मुद्दा घारापुरीपुरता सोडून देता येतो, एवढ्या भाराला मीटरमागे एखाद वॅटच ती बाहेर पडते. मोठ्या केबलना तो लागतो. जर्मनीत तळाखाली २० सेंटिमीटरवर दोन अंशांपेक्षा जास्त तापमानवाढ होऊ नये असा दंडक आहे, तो आपल्याकडे उचलण्यासारखा आहे.

मच्छीमाराचं खरं नुकसान जागेचं होतं. डोळ जाळं तळात रोवलेल्या खुंटांना, म्हणजे सुसांना, बांधतात. ओढ, खोली आणि तळ पाहून पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेल्या त्या जागा असतात. केबलच्या पट्ट्यात खुंटा मारता येत नाही, नांगर टाकता येत नाही. जगभर समुद्री केबल तुटण्यामागे बहुतेक वेळा जाळी आणि नांगर हीच कारणं असतात, त्यामुळे मनाई करणाऱ्याचंही चुकत नाही. पण जागा जाते ती ज्याची होती त्याचीच. वरळीत किनारी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर मच्छीमारांनी लढून ६० वरून १२० मीटर करून घेतलं. केबलचा मार्ग आखताना तांडेलांना आधीच नकाशावर बसवलं तर एवढी ताणाताण लागत नाही. काही ठिकाणी केबल दोन-तीनशे मीटर वळवली तर एखाद्या घराची सूस वाचते.

पुढची केबल

२०२४ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट पवनवीज उभारायला ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाशी वीजजोडणीचा करार झाला. भूक मुंबईची मोठी, किनारा पश्चिमेचा. आपल्या समुद्रात एकदिश विजेची मोठी केबल येण्याचा दिवस फार दूर मानू नये.

तिचं गणित वेगळं असेल. १,००० अँपिअरची एक तार दीड मीटर खोल पुरली तर तळावर सुमारे १३३ मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तिप्पट. आणि हे क्षेत्र स्थिर असतं, त्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखणाऱ्या कासवांच्या आणि वामांच्या वाटेत ते थेट मिसळतं. पण जाण्याची आणि येण्याची तार एकमेकींना बांधून, बारा सेंटिमीटर अंतराने टाकली, तर त्याच ठिकाणी उरतात दहा-अकरा मायक्रोटेस्ला. तोच करंट, तीच खोली, फक्त तारा जवळ. सुट्या तारा दूर-दूर टाकल्या की एकीला नांगर लागला तरी दुसरी वाचते, म्हणून कंत्राटदाराला तसं करावंसं वाटू शकतं. परवानगी देणाऱ्या सागरी किनारा प्राधिकरणाने हीच एक अट ठामपणे धरावी, असं मी आग्रहाने म्हणेन. दुसरी अट, परतीचा करंट समुद्राच्या पाण्यातून सोडू नये. बासलिंकला विरोध झाल्यावर तिथे परतीसाठी वेगळी धातूची तार घातली गेली. पाण्यातल्या इलेक्ट्रोडपाशी क्लोरीन तयार होतो, हे त्या आक्षेपांमागचं एक कारण होतं.

विजेमुळे चुंबकत्वात होणारी ढवळाढवळ मुंबईने फार पूर्वी गांभीर्याने घेतली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे कळल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. लोहाचा अंश टाळण्यासाठी पोरबंदरचा दगड निवडला. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन ठिकाणचे आकडे जुळावेत म्हणून काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली. अलिबाग आजही चालू आहे आणि तिचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला, घारापुरीच्या समोरच्याच किनाऱ्याच्या बाजूला आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मोजायला लागणारी माणसं आणि यंत्रं दोन्ही तासाभराच्या अंतरावर आहेत.

मी काय मोजलं असतं ते सांगतो. केबलच्या अगदी वर, ५० मीटरवर आणि ५०० मीटरवर तळालगत चुंबकीय क्षेत्र. सुट्टीच्या दिवशी, बेटावर भार चढलेला असताना आणि मध्यरात्री तो उतरल्यावर. त्याच तीन ओळींत एकाच आसाच्या (घरांच्या मापाच्या) जाळ्यांनी, उधाणाला आणि भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) वेगवेगळी मासेमारी, उरणकडच्या मोऱ्याच्या नाहीतर करंज्याच्या बोटींना रीतसर भाडं देऊन. पाकट, मुशी आणि शिंगाळे वेगळे मोजायचे, कारण प्रश्न त्यांचा आहे. बोंबील-जवळ्याची वेगळी नोंद ठेवायची, कारण पोट त्यांच्यावर चालतं. केबल किती खोल पुरलेली राहिली आहे हे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचं. आणि देखभालीसाठी लाइन बंद ठेवायची असेल त्याची तारीख महावितरणने संशोधकांना आणि बोटींना आठवडाभर आधी कळवायची. केबल तीच, तळ तोच, पाणी तेच आणि करंट शून्य, अशी तुलनेची संधी त्या एका दिवशी आयती मिळते. दिवस शक्यतो भांगाचा निवडावा, म्हणजे ओढ कमी असते आणि तळाचं यंत्र जागचं हलत नाही.